पार्श्वभूमी: बिघडल्यावर स्वतःला सावरणारी यंत्रं

कोल्हापूर पट्ट्यात यंत्रमाग आला तो १९०४ साली, इचलकरंजीत. माग बिघडला की जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, हाक मारायची, तो पाना घेऊन येणार, ही पद्धत तेव्हापासून रुळली. जपानमध्ये १९२४ साली निघालेला स्वयंचलित माग आडवा धागा वाहणारा धोटा आपोआप बदलायचा, पण ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की जागीच थांबायचा. गाठ मारायला माणूसच लागे. ज्याला थांबणं परवडतं त्या यंत्राने थांबावं, हे त्यामागचं शहाणपण. आपल्याकडे ते न शिकवताच पटलं होतं, कारण कोल्हापूरच्या उद्यमनगरात सकाळी दिलेला तुटका शाफ्ट संध्याकाळी वेल्डिंगने भरून, लेथवर टर्निंग होऊन हातात मिळायचा. असा फिटर हाकेच्या अंतरावर असताना यंत्राने स्वतःला सावरावं, यात कुणाला रस असणार?

रस होता तो जिथे थांबताच येत नाही तिथे. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक लढाऊ विमानांच्या इंधनटाकीच्या भिंतीत कच्च्या रबराचा थर असे. गोळी आरपार गेली की इंधन लागून रबर फुगायचं आणि भोक बुजायचं. यात सेन्सर नाही, गणित नाही. माझ्या मते आजही यापेक्षा सरस उदाहरण सापडणं कठीण.

यंत्राने स्वतःला कसं सावरावं, याचा खरा वाद पेटला १९८९ नंतर. त्या जुलैत अमेरिकेत तीन इंजिनांच्या एका प्रवासी विमानाच्या शेपटातल्या इंजिनाचा पंखा फुटला. तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणांच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने विमान वळवणाऱ्या यंत्रणांच्या, लाइनी कापल्या आणि तेल वाहून गेलं. तीन यंत्रणा ठेवल्या होत्या त्या एक गेली तर दुसरी असावी म्हणून, पण शेपटात तिघींच्या लाइनी जवळजवळ होत्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले.

यावर दोन उत्तरं निघाली. पहिलं सॉफ्टवेअरचं: वैमानिकांनी हातांनी केलेली ती कसरत संगणकाने करायची. १९९५ साली तीन इंजिनांचं एक मोठं विमान फक्त इंजिनांच्या जोरावर सुखरूप उतरवूनही दाखवलं. दुसरं उत्तर झडपेचं: एका यंत्रणेतलं तेल घटू लागलं की शेपटाकडची लाइन बंद करायची, म्हणजे पुढच्या भागापुरतं तेल शिल्लक राहतं. अपघातग्रस्त जातीच्या विमानांत झडप बसली. सॉफ्टवेअर नेहमीच्या प्रवासी सेवेत गेलंच नाही. संशोधकांच्या बाजूच्या लोकांना हा करंटेपणा वाटतो. पण शॉप फ्लोअरवर दिवस काढलेला कुणीही झडपेलाच मत देईल. इंजिनांवर विमान वळवण्यापेक्षा तेल वाचवणं सोपं, आणि झडप तपासता येते. तरीही एक गोष्ट खरी: झडप ठरावीक बिघाडालाच उपयोगी. न सुचलेल्या बिघाडाचं काय, हा प्रश्न तिने सोडवला नाही.

पुढची वीसेक वर्षं याच प्रश्नाभोवती फिरली. २००१ मध्ये तडा गेला की आतल्या सूक्ष्म कुप्या फुटून भरून येणारं प्लास्टिक आलं. मूळ चिवटपणा सुमारे ७५ टक्के परत मिळाला. २००६ मध्ये पाय तुटल्यावर स्वतःच्या शरीराचा नवा अंदाज बांधून चालणारा रोबो आला. २०१५ मध्ये सहा पायांच्या रोबोने बिघाडानंतर चालण्याची नवी तऱ्हा दोन मिनिटांच्या आत शोधली. त्यासाठी चालण्याच्या हजारो तऱ्हा आधीच संगणकात आजमावलेल्या होत्या. लंगडत का होईना चालत राहणं, एवढंच त्याचं उद्दिष्ट. तुटलेला पाय तुटलेलाच राहिला.

इथे कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींत या इतिहासातलं पोचलं ते बेताचंच. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, तुटला की टूल फिरवणाऱ्या स्पिंडलचा लोड पाहून व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन) मॅगझिनमधलं, म्हणजे टूलच्या साठ्यातलं, त्याच मापाचं राखीव टूल उचलते आणि काम पुढे चालू ठेवते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा फिटर हाकेच्या अंतरावर असण्याचा हिशेबही कोलमडला. पण अशा वेळी राखीव टूल संपलं, तर मॅगझिन भरायला माणूसच यावा लागतो.