बल्हरा

बल्हरा : नवव्या-दहाव्या शतकांतील अरबी ग्रंथांत मान्यखेटच्या राष्ट्रकूट सम्राटांसाठी येणारे नाव. ते कोणा एका राजाचे नव्हे. इराणच्या बादशहांना जसे ‘किस्रा’ म्हणत तशी ही पदवी आहे, असा खुलासा अरब लेखकांनीच केलेला आहे. काहींनी तिचा अर्थ ‘राजांचा राजा’ असा दिला, तो मात्र चुकीचा. मूळ शब्द ‘वल्लभराज’, प्राकृतात ‘वल्लहराय’. श्रीवल्लभ, पृथ्वीवल्लभ म्हणजे लक्ष्मीचा, पृथ्वीचा प्रिय पती. ही बिरुदे मुळात बदामीच्या चालुक्यांची, दंतिदुर्गाने इ.स. 753 च्या सुमारास त्यांचे राज्य घेतले, त्याबरोबर बिरुदेही घेतली. एकोणिसाव्या शतकात काहींनी बल्हराचा संबंध गुजरातेतील वलभीशी जोडला होता. पण त्याची राजधानी ‘मानकीर’ म्हणजे मान्यखेट, आजचे कलबुर्गी जिल्ह्यातील मालखेड, हे पटल्यावर तो वाद मिटला.

सुलेमान व्यापाऱ्याच्या नावावर असलेल्या इ.स. 851 च्या वृत्तांतात जगातले चार थोर राजे सांगितले आहेत : बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा (बायझंटाइन) सम्राट आणि ‘कान टोचलेल्या लोकांचा राजा’ बल्हरा. त्याचा मुलूख ‘कुमकुम’पासून, म्हणजे कोकणापासून सुरू होतो. इथले लोक कालगणना राजाच्या राज्यारोहणापासून करतात, असेही त्यात आहे. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांवर शकवर्ष ठळक असते, तेव्हा हे विधान जपूनच घ्यावे. बल्हरा दीर्घायुषी असतात, पन्नास-पन्नास वर्षे राज्य करतात आणि अरबांवरील मायेमुळेच त्यांना हे आयुष्य लाभते, असे त्यांची प्रजा मानते, ही त्यातली सर्वांत गमतीची नोंद. कारण काहीही असो, वर्षांचा हिशेब अगदीच हवेतला नाही : त्या वेळी गादीवर असलेल्या पहिल्या अमोघवर्षाने इ.स. 814 पासून सुमारे 64 वर्षे राज्य केले.

या स्तुतीत व्यापाराचा वाटा मोठा होता. उत्तरेचे गुर्जर-प्रतिहार सिंधच्या अरबांचे वैरी, राष्ट्रकूट प्रतिहारांचे वैरी. त्यामुळे कोकणच्या बंदरांत अरबांना आसरा मिळाला. इ.स. 916 च्या सुमारास अल-मसूदी सैमूरला (चौल) आला, तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते आणि त्यांच्यावर त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता.

या मैत्रीचा देशी पुरावा पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडला. शके 848 (इ.स. 926) च्या ताम्रपटानुसार राष्ट्रकूट राजा दुसऱ्या कृष्णाने संयान (संजाण) मंडलाचा कारभार एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे सोपवला होता. त्याचे नाव मधुमती. हे ‘मुहम्मद’चे संस्कृत रूप मानतात, आणि मराठी कानाला ते बाईचे वाटले तरी इलाज नाही. मधुमतीने नद्यांवर फुकट होड्या सुरू केल्या. वाटसरूंसाठी अन्नछत्र घातले. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. याच पटाने देवीच्या मठिकेला (लहान मठाला) जमीनही दिलेली आहे.

इ.स. 972 मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटले. पुढच्याच वर्षी चालुक्य दुसऱ्या तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता संपवली.