ओरिजिन मेन आणि ओरिजिन/मेन: एका तिरक्या रेघेचा घोळ

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या डेस्कटॉपवर गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) तीन कमिट केले, म्हणजे बदल नोंदवले, ते सर्व्हरवर पुश केले, म्हणजे पाठवले, आणि निघालो. शनिवारी घरी लॅपटॉपवर गिट स्टेटस (सद्यस्थिती सांगणारी कमांड) मारलं. उत्तर आलं, ‘युवर ब्रांच इज अप टू डेट विथ ओरिजिन/मेन’. फाईल उघडली तर ती बुधवारची! पुश झालाच नसणार असं धरून तेच फंक्शन आठवून आठवून पुन्हा लिहिलं, कमिट केलं, पुश मारला. तर ‘रिजेक्टेड, फेच फर्स्ट’ (नाकारलं, आधी सर्व्हरवरचे नवे बदल आणा). म्हणजे शुक्रवारचा पुश व्यवस्थित झाला होता. स्टेटसही खोटं बोललं नव्हतं. त्याने सर्व्हरला काही विचारलंच नव्हतं, एवढंच.

घोळ आहे तो नावात. ‘ओरिजिन मेन’, मध्ये जागा सोडून, हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला रिमोटचं, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रतीचं नाव, थोडक्यात पत्ता. दुसरं तिथल्या ब्रांचचं, म्हणजे कामाच्या एका शाखेचं नाव. गिट पुल ओरिजिन मेन (तिथले बदल आण आणि माझ्या फाईलींत मिसळ) म्हटलं की गिट नेटवर्कवर जाऊन त्या पत्त्यावर खरोखर चौकशी करतं.

‘ओरिजिन/मेन’ हा मात्र एकच शब्द, आणि तो तुमच्याच मशीनवर राहतो. डॉट-गिट फोल्डरात रेफ्स, त्यात रिमोट्स, त्यात ओरिजिन असं आत आत गेलात तर बहुतेक वेळा मेन नावाची एक छोटी फाईल सापडते. आत फक्त 40 अक्षरांचा हॅश, म्हणजे एका कमिटची ओळखखूण. सर्व्हरशी शेवटची गाठ पडली तेव्हा तिथली मेन कुठे होती, त्याची ही नोंद. बँकेच्या पासबुकासारखी: एंट्री मारून आणली त्या दिवशीची शिल्लक बरोबर असते, त्यानंतर खात्यात काय आलं-गेलं ते पासबुकाला कळत नाही. स्टेटस हे पासबुक वाचतं, बँकेत जात नाही.

पटत नसेल तर वायफाय बंद करा आणि गिट डिफ ओरिजिन/मेन (फरक दाखवणारी कमांड) मारा. बिनतक्रार चालेल. मग तसंच गिट फेच ओरिजिन मेन मारा, लगेच एरर येईल.

ही नोंद पुढे सरकते ती फेच, पुल किंवा यशस्वी पुश झाल्यावर. पूर्वी यातही एक खोच होती. गिट फेच ओरिजिन मेन असं ब्रांचचं नाव घेऊन फेच केलं तर नवीन कमिट यायचे, पण ओरिजिन/मेन जागेवरून हलायचं नाही. 2013 मध्ये आलेल्या 1.8.4 आवृत्तीपासून ते सुधारलं. इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांत दिसणारे विचित्र उपाय बरेचदा त्या काळातले असतात.

तशीच गंमत आजही होते, पण दोन मशीन थेट जोडली तर. घरून ऑफिसच्या मशीनचा एसएसएच (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी) पत्ता देऊन पुल केलं की तुमची मेन पुढे जाते, पण ओरिजिन/मेन तिथेच. कारण तुम्ही ओरिजिनकडे गेलाच नाहीत. मग तेच तीन कमिट सर्व्हरवर आधीच असले तरी स्टेटस म्हणतं, तुम्ही तीन कमिट पुढे आहात. पुश मारावा तर उत्तर ‘एव्हरीथिंग अप टू डेट’. दोन्ही विधानं खरी. पहिलं पासबुक पाहून केलेलं, दुसरं काउंटरवर विचारून. आणि त्या पुशच्या निमित्ताने पासबुकही भरून मिळतं, त्यामुळे पुन्हा स्टेटस मारल्यावर तक्रार गायब. (माझी अर्धी सकाळ यात गेली आहे.)

मर्क्युरियल या गिटसारख्याच दुसऱ्या साधनावरून आलेल्यांची पंचाईत निराळी. तिथलं पुल फक्त बदल आणून ठेवतं, फाईलींना हात लावत नाही. म्हणजे इथलं फेच.

हे सगळं निरुपद्रवी वाटतं ते गिट रिसेट --हार्ड ओरिजिन/मेन मारेपर्यंत. ‘सर्व्हरवर आहे तसं करून टाक’ अशा समजुतीने लोक ते मारतात. आधी फेच केलं नसेल तर तुम्ही सर्व्हरच्या नव्हे, जुन्या नोंदीच्या ठिकाणी जाऊन पडता, आणि कमिट न केलेलं काम त्यात जातं ते वेगळंच. नुसतं सर्व्हरवर काय आहे एवढंच बघायचं असेल तर गिट एलएस-रिमोट ओरिजिन मेन मारावं. ते थेट तिकडे विचारतं आणि इकडे काही बदलत नाही. मशीन बदललं की मी आता आधी गिट फेच मारतो, मग स्टेटस.

त्या शनिवारी पुढे मर्ज करताना, म्हणजे दोन्ही बदल एकत्र करताना, अर्थातच कॉन्फ्लिक्ट आला: एकाच जागी दोन वेगळे बदल. शुक्रवारचं फंक्शन ठेवलं, शनिवारचं उडवलं. खरं सांगायचं तर शनिवारचं जरा बरं जमलं होतं.