एफटीपी जोडणी, कमांड लाइनवरील

दूरच्या सर्व्हरवरील फाइली आणण्यासाठी किंवा तिथे नेऊन ठेवण्यासाठी, टंकलिखित आज्ञा देऊन केलेली जोडणी. फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल या नियमसंचाचे एफटीपी हे लघुरूप. ‘संचिका’ हा शब्द परिभाषेत रुळला असला तरी संगणकासमोर बसलेला माणूस ‘फाइल’च म्हणतो, प्रस्तुत नोंदीतही तोच शब्द वापरला आहे.

उगम : नियमसंचाचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी लिहिला. अलाहाबादेत जन्मलेले भूषण कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. मसुदा लिहिला तेव्हा ते अमेरिकेत एमआयटीत होते. आरएफसी या क्रमांकित टिपणमालेत तो ११४ व्या क्रमांकाने १६ एप्रिल १९७१ रोजी आला. एफटीपीचा जन्म सामान्यतः याच दिवसाशी जोडतात. मात्र त्या मसुद्यात आज्ञा आणि माहिती एकाच जोडणीवरून जात. आजच्या एफटीपीची ओळखखूण असलेली दुहेरी जोडणी जुलै १९७२ च्या ३५४ व्या टिपणात दिसते, आणि प्रमाण मानला जाणारा पाठ ऑक्टोबर १९८५ चा, क्रमांक ९५९. त्यामुळे १९७१ हे संकल्पनेचे वर्ष आणि १९७२ हे रचनेचे, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

दोन जोडण्या का, याची उपपत्ती दोन प्रकारे देतात. एका मतानुसार हा, इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेट जाळ्याच्या जुन्या एनसीपी या जोडणी-नियमांचा वारसा आहे : तिथे प्रत्येक जोडणी एकेरी असे, म्हणून सॉकेट (जोडणीची टोके) जोडीने घ्यावे लागत. पण त्याने जाण्या-येण्याच्या जोड्या स्पष्ट होतात. आज्ञा आणि माहिती वेगळी का, हे स्पष्ट होत नाही. दुसरे मत बाइटच्या, म्हणजे एकत्र पाठवल्या जाणाऱ्या बिटांच्या गटाच्या, आकारावर बोट ठेवते. एनसीपीत बाइटची लांबी जोडणी उघडतानाच ठरत असे. आज्ञा टेलनेट या दूरच्या यंत्रावर टंकण्याच्या नियमसंचाच्या ८ बिटांत जात, तर पीडीपी-१० सारख्या त्या काळच्या संगणकाचा ‘शब्द’ (तो एका वेळी हाताळतो तो बिटांचा गट) ३६ बिटांचा. एकाच जोडणीवर दोन्ही मापे बसत नव्हती. ३५४ व्या टिपणात बाइटची लांबी सांगणारी स्वतंत्र आज्ञाच आहे, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे एनसीपीची जागा घेणाऱ्या टीसीपीवर ही अडचण उरली नाही, पण दुहेरी रचना राहिली : आज्ञांसाठी पोर्ट (यंत्राचे क्रमांकित दार) २१, माहितीसाठी २०.

जोडणी : ‘एफटीपी’ व सर्व्हरचे नाव लिहिले की सर्व्हर २२० या संकेतांकाने स्वागत करतो, नाव दिल्यावर ३३१ म्हणून पासवर्ड मागतो आणि तो जुळल्यास २३० देतो, न जुळल्यास ५३०. पहिला अंक २ म्हणजे काम झाले, ३ म्हणजे अजून काही हवे, ४ म्हणजे तूर्त नकार, ५ म्हणजे ठाम नकार. फाइल आणणारी ‘गेट’, नेऊन ठेवणारी ‘पुट’ आणि जोडणी संपवणारी ‘बाय’ या आज्ञा परिचित आहेत.

नेहमीची तक्रार अशी की लॉगिन होते, पण यादी मागितली की पडदा गोठतो. याचे मूळ वर सांगितलेल्या रचनेतच आहे. मूळ पद्धतीत वापरणाऱ्याचे यंत्र ‘पोर्ट’ आज्ञेतून सहा आकडे पाठवते : चार पत्त्याचे, दोन दाराचे. १९ आणि १३७ आले तर दार १९ × २५६ + १३७, म्हणजे ५००१. तिथे सर्व्हरने उलटी जोडणी करायची. घरच्या राउटरमागे बसलेल्या यंत्राने १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता कळवला, तर सर्व्हरला तो बाहेरून सापडत नाही. चाळीतल्या खोलीचा नंबर दिला, चाळीचे नाव नाही, तसे. उपाय म्हणजे ‘पॅसिव्ह’ पद्धत, ज्यात दार सर्व्हर सांगतो. फेब्रुवारी १९९४ च्या १५७९ व्या टिपणात तीच नेहमी वापरावी असे सुचवले गेले. विंडोजसोबत येणाऱ्या एफटीपी प्रोग्रॅमला ती कधीच नीट आली नाही.

दुसरा घोळ फाइल पाठवण्याच्या दोन पद्धतींचा : मजकुरासाठीची ‘आस्की’ आणि फाइल जशीच्या तशी पाठवणारी ‘बायनरी’. आस्की पद्धतीत ओळींचे शेवट बदलले जातात, त्यामुळे झिप फाइल बिघडते. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातील देवनागरी मजकूर मात्र सुखरूप पोहोचतो, कारण त्यातील अक्षरांचे सर्व बाइट १२७ च्या पुढचे असतात. यूटीएफ-१६ या दुसऱ्या संकेतात ‘ऊ’ हे अक्षर १० आणि ९ या बाइटांचे, आणि १० हीच ओळ संपल्याची खूण. लिनक्सवरून आस्कीत पाठवलेल्या अशा फाइलीत ‘ऊ’पाशी एक जादा बाइट घुसतो आणि पुढचा मजकूर सरकतो.

मुंबईत : जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची आयआयटी या अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याच्या आरंभीच्या संस्था. सार्वजनिक इंटरनेट विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केले. त्या काळच्या स्वस्त, केवळ टंकलिखित आज्ञांच्या ‘शेल’ खात्यात चित्रे नव्हती. फाइल आधी एफटीपीने निगमाच्या यंत्रावर आणायची, मग झेडमोडेम या फाइल पाठवण्याच्या नियमसंचाने टेलिफोनच्या तारेवरून घरी. शेअर दलालांच्या कचेऱ्यांत बाजार बंद झाल्यावर ‘भावकॉपी’ (दिवसाच्या भावांची फाइल) उतरवून घेण्याचे काम आज्ञांच्या तयार यादीवर सोपवता येते. मात्र अशा यादीत पासवर्ड उघडाच लिहिलेला असतो.

सुरक्षा : तारेवरूनही पासवर्ड उघडाच जातो. ऑक्टोबर २००५ च्या ४२१७ व्या टिपणाने टीएलएस या कूटलेखनाच्या नियमसंचाचे कवच दिले. क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपी वगळले. आज बहुतेक ठिकाणी वापरली जाणारी एसएफटीपी ही नावाने जवळची असली तरी वंशाने वेगळी : ती एसएसएच या कूटबद्ध दूरजोडणीच्या कुळातली, पोर्ट २२ वर, एकाच जोडणीची. १९८४ च्या ९१३ व्या टिपणात ‘सिंपल’ एफटीपी नावाचा आणखी एक संच आहे. त्याचेही लघुरूप एसएफटीपीच, पण पोर्ट ११५. जुने संदर्भ वाचताना या दोहोंची गल्लत होते.