निर्देशांक निधी (ऐच्छिक निवृत्तिबचतीतील)

शेअर बाजाराच्या एखाद्या निर्देशांकात (निवडक शेअरांच्या एकत्रित भावाच्या मापात) जे शेअर ज्या प्रमाणात असतात, तेच शेअर त्याच प्रमाणात बाळगणारा सामाईक गुंतवणूक निधी. व्यवहारात ‘इंडेक्स फंड’ हेच नाव रूढ आहे. कोणता शेअर घ्यावा आणि कधी विकावा, हे व्यवस्थापकाला ठरवावे लागत नाही. त्यामुळे संशोधन व उलाढाल यांवरचा खर्च अगदी थोडा राहतो. म्हातारपणासाठी स्वेच्छेने उघडलेल्या खात्यात पैसे वीस-तीस वर्षे अडकून असतात, म्हणून तिथे हा थोडा खर्च विशेष मोलाचा ठरतो.

उगम : पहिला निर्देशांक निधी कोणता, याविषयी मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात हा मान सामान्यतः जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड या अमेरिकन गुंतवणूक संस्थेने ऑगस्ट १९७६ मध्ये विक्रीस काढलेल्या निधीला दिला जातो. सर्वसामान्य गुंतवणूकदाराला खुला झालेला पहिला निधी, एवढ्या मर्यादित अर्थाने ते बरोबर आहे. मात्र त्याच्या पाच वर्षे आधी, १९७१ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या वेल्स फार्गो बँकेने सॅमसोनाइट या बॅगा बनवणाऱ्या कंपनीच्या निवृत्तिवेतन निधीतील सुमारे ६० लाख डॉलर याच तत्त्वावर गुंतवले होते. जॉन मॅक्क्वाउन आणि विल्यम फाउस ही या प्रयोगाशी जोडली जाणारी प्रमुख नावे. न्यूयॉर्क शेअर बाजारातील सुमारे दीड हजार शेअर त्यात समान रकमेने घेतले होते. ही समानता टिकवणे मात्र जिकिरीचे ठरले. भाव हलले की प्रमाण बिघडे आणि ते सावरण्यासाठी पुन्हा खरेदी-विक्री करावी लागे, म्हणजे जो खर्च टाळायचा तोच मागच्या दाराने आत येई. म्हणून १९७३ च्या सुमारास बाजारमूल्याच्या प्रमाणात शेअर ठेवणारी, अमेरिकेतील सुमारे पाचशे मोठ्या कंपन्यांच्या स्टँडर्ड अँड पुअर्स ५०० या निर्देशांकावर आधारलेली रचना पुढे आली. शिकागोची अमेरिकन नॅशनल बँक (रेक्स सिंकफील्ड) आणि बोस्टनची बॅटरीमार्च (डीन लबॅरन) यांचे प्रयत्नही साधारण याच काळातले. त्यांचा परस्परक्रम ‘योजना जाहीर झाली’ हा निकष धरला तर एक येतो आणि ‘पहिला ग्राहक मिळाला’ हा धरला तर दुसरा. कल्पना म्हणून ती आणखी जुनी आहे. एडवर्ड रेनशॉ व पॉल फेल्डस्टीन यांनी १९६० मध्येच ‘व्यवस्थापन नसलेल्या’ गुंतवणूक कंपनीचा पुरस्कार केला होता.

प्रस्तुत नोंदीपुरता १९७१ चा दाखला अधिक ग्राह्य वाटतो. ही पद्धत निवृत्तीच्या पैशासाठीच प्रथम वापरली गेली आणि किरकोळ गुंतवणूकदारापर्यंत नंतर पोचली, हे त्यातून दिसते. किरकोळ बाजारात तिचे स्वागत थंडच झाले. बोगल यांच्या निधीने १५ कोटी डॉलरची अपेक्षा ठेवली होती, जमले सुमारे १ कोटी १३ लाख.

खर्चाचे गणित : अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये मांडलेला युक्तिवाद साधा आहे. सगळे सक्रिय (म्हणजे स्वतः शेअर निवडणारे) गुंतवणूकदार मिळून, निर्देशांक निधी सोडून उरलेला बाजारच बाळगतात. तेव्हा खर्चापूर्वी त्यांचा सरासरी परतावा बाजाराइतकाच असणार आणि खर्च वजा जाता निर्देशांक निधीपेक्षा कमी भरणार. यावर अर्थशास्त्रज्ञ लासे पेडरसन यांनी २०१८ मध्ये आक्षेप घेतला की, नवे शेअर येतात, निर्देशांकाची यादी बदलते, त्यामुळे निर्देशांक निधीलाही व्यवहार करावेच लागतात आणि ते बहुधा सक्रिय गुंतवणूकदाराशी होतात. आक्षेप तर्काला धरून आहे. तथापि लहान खातेदाराच्या निवडीत त्याने फारसा फरक पडत नाही. एक लाख रुपये तीस वर्षे दरसाल १० टक्क्यांनी वाढले असे धरू. वर्षाला ०.२ टक्के खर्च गेल्यास हाती सुमारे १६.५ लाख येतात, १.५ टक्के गेल्यास सुमारे ११.६ लाख. मुद्दल तेच, बाजारही तोच.

भारत : मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स १९८६ पासून (पायाभूत वर्ष १९७८-७९) आणि राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी १९९६ पासून प्रसिद्ध होतो. त्यांवर आधारित निधी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आले. निफ्टीवरचा पहिला, शेअरसारखा बाजारात विकला जाणारा निधी (ईटीएफ) २००१-०२ च्या सुमाराचा आहे.

निवृत्तिबचतीशी या पद्धतीची गाठ पडली ती वृद्धांच्या उत्पन्नसुरक्षेसाठी केंद्राने हाती घेतलेल्या ‘ओएसिस’ प्रकल्पात. त्याच्या सुरेंद्र दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००० मध्ये अहवाल दिला. प्रत्येकाचे वैयक्तिक निवृत्तिखाते, खात्यांच्या नोंदी ठेवणारी एकच मध्यवर्ती नोंदणी संस्था, बोली लावून निवडलेले मोजके व्यवस्थापक आणि शेअरमधील गुंतवणूक निर्देशांकाप्रमाणे, असा तिचा आराखडा होता. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे (एनपीएस) मूळ काही अभ्यासक या अहवालात शोधतात, तर काही सरकारी तिजोरीवरील निवृत्तिवेतनाच्या बोजात. योजना १ जानेवारी २००४ पासून प्रथम केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांना सक्तीने लागू झाली आणि सर्व नागरिकांना ऐच्छिक स्वरूपात खुली व्हायला १ मे २००९ उजाडला, हे पाहता दुसरे मत अगदीच टाकाऊ नाही. खात्याची अंतर्गत बांधणी मात्र बरीचशी ओएसिसचीच आहे.

२००९ च्या ऐच्छिक खात्यात शेअरचा हिस्सा (‘ई’ वर्ग) जास्तीत जास्त ५० टक्के असे आणि तो सेन्सेक्स किंवा निफ्टीप्रमाणेच गुंतवावा लागे. व्यवस्थापनशुल्क बोलीत वर्षाला ०.०००९ टक्के इतके खाली आले. हा आकडा पुढे जगातील सर्वांत स्वस्त निवृत्तियोजना म्हणून वारंवार मिरवला गेला. पण पावती हाती घेतली की चित्र वेगळे दिसते. त्या वेळच्या दरांनुसार वर्षाला किमान ६,००० रुपये चार हप्त्यांत भरणाऱ्याला खाते-देखभालीचे ३५० रुपये आणि प्रत्येक हप्त्याला नोंदणी संस्थेचे १० व भरणा केंद्राचे २० रुपये, असे ४७० रुपये पडत. म्हणजे भरलेल्या रकमेच्या जवळजवळ आठ टक्के. त्याच ६,००० रुपयांवर व्यवस्थापनशुल्क होते सुमारे साडेपाच पैसे. स्वस्ताई खरी होती, पण ती मोठ्या शिलकेची होती. रुपयांत ठरलेली ही शुल्के पुढे कमी झाली. २०२१ मध्ये व्यवस्थापनशुल्काचे टप्पे निधीच्या आकारमानानुसार ०.०३ ते ०.०९ टक्के कमाल असे ठरले.

ही दोन शुल्के वसूल होण्याची रीतही निराळी आहे. नोंदणी संस्थेचे शुल्क खात्यातील युनिटे (खातेदाराचे निधीतील हिस्से) रद्द करून घेतले जाते, त्यामुळे वार्षिक विवरणात दोन-चार युनिटे किंवा त्यांचा अपूर्णांक कमी झालेला दिसतो आणि खातेदार तक्रार करतो. व्यवस्थापनशुल्क युनिटचे मूल्य (एनएव्ही) काढतानाच वजा होते, त्यामुळे ते विवरणात कुठेच दिसत नाही.

निर्देशांकाची सक्ती साधारणपणे २०१० च्या दशकाच्या मध्यास उठली आणि व्यवस्थापकांना शेअर निवडण्याची मुभा मिळाली. शेअरची मर्यादाही पुढे ७५ टक्क्यांपर्यंत वाढली. म्हणजे या खात्यातील प्रचलित ‘ई’ वर्ग आज अल्पखर्ची असला, तरी काटेकोर अर्थाने निर्देशांक निधी नव्हे. अनेक लेखांत ही गल्लत आढळते.

निवड : ज्याला निर्देशांकच हवा, तो खात्याबाहेर म्युच्युअल फंडाचा मार्ग धरतो. १ जानेवारी २०१३ पासून तिथे वितरकाच्या दलालीविना ‘थेट योजना’ मिळतात. एकाच निर्देशांकाचे दोन निधी ताडताना खर्चाच्या प्रमाणाइतकीच मागोव्यातील तफावत पाहावी. निर्देशांक अमुक टक्के वाढला आणि निधी त्याहून किती कमी वाढला, हा तो फरक. हाती पडून राहिलेली रोकड आणि यादी बदलताना झालेला खर्च त्यातच दिसतो. तुलना लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकाशी व्हावी, निव्वळ भावाच्या निर्देशांकाशी नव्हे. एनपीएसच्या बाजूने सवलत अशी की, आयकराच्या जुन्या प्रणालीत ५०,००० रुपयांची जादा वजावट मिळते. मात्र त्या बदल्यात पैसे दीर्घ काळ बहुतांशी अडकतात. वयानुसार शेअरचा हिस्सा आपोआप घटवणारा ‘ऑटो चॉइस’ हा पर्यायही आहे. २००९ च्या मूळ रचनेत हा हिस्सा ३५ व्या वर्षापर्यंत ५० टक्के असे आणि ५५ व्या वर्षी १० टक्क्यांवर येई.

वार्षिकी : एनपीएसमध्ये निवृत्तीच्या वेळी शिलकेच्या ठरावीक हिश्शातून विमा कंपनीकडून वार्षिकी (हयातभर नियमित रक्कम देणारी योजना) सामान्यतः घ्यावी लागते. तिथला खर्च वेगळा दाखवला जात नाही, तो दरातच मुरलेला असतो. त्याच वयाला व त्याच प्रकारच्या वार्षिकीला कंपन्यांचे दर भिन्न असतात.