पुण्याजवळ प्लॉट घेताय? आधी झोन दाखला, मग इसार

आमच्या मामांनी दोन गुंठे घेतले तेव्हा मध्यस्थाने त्यांना सातबारा दाखवला, खरेदीखताचा मसुदा दाखवला, जागेवर नेऊन चुन्याने आखलेल्या रेषाही दाखवल्या. "हा पट्टा आर झोनमध्ये, म्हणजे रहिवास विभागात, येतोच आहे," असेही सांगितले. दीड वर्षाने घर बांधायचे ठरले आणि आर्किटेक्टने भाग नकाशा काढला, तेव्हा कळले की प्लॉटच्या निम्म्या भागावरून नियोजित रस्त्याची आखणी जाते. सातबारा खरा होता, विकणाराही खरा मालक होता. पण जमीन कुणाची हे सातबारा सांगतो, त्या जमिनीवर काय करता येते हे सांगत नाही. तो कागद म्हणजे झोन दाखला, आणि तो वेगळ्या कार्यालयातून मिळतो. वाघोलीपासून पिरंगुटपर्यंत लोक आयुष्याची पुंजी गुंठ्यांत घालतात आणि हा एक कागद शेवटी काढतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

तुमची जमीन कुणाच्या हद्दीत?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार प्रत्येक जागेला एक नियोजन प्राधिकरण असते. झोन दाखला, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र (बांधलेली इमारत वापरायला दिलेली मान्यता) हे सगळे तिथूनच मिळते. पुण्यात अडचण अशी की प्राधिकरणे बरीच आहेत आणि त्यांच्या हद्दी वारंवार बदलल्या आहेत. शहरात पुणे महानगरपालिका, पलीकडे पिंपरी-चिंचवड महानगरपालिका. पुणे, खडकी आणि देहूरोड इथे कॅन्टोन्मेंट बोर्ड. हिंजवडीच्या आयटी पार्कसारख्या औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी. तळेगाव, चाकण, आळंदी यांच्या स्वतःच्या नगरपरिषदा. आणि या सगळ्यांच्या बाहेर पसरलेल्या ग्रामीण पट्ट्यासाठी २०१५ मध्ये स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए. त्याचे मुख्य कार्यालय आकुर्डीत आहे.

निगडी-आकुर्डीकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही "प्राधिकरण" हा शब्द असतो. ते नवनगर विकास प्राधिकरण १९७२ चे. २०२१ मध्ये ते विसर्जित झाले आणि त्याचे क्षेत्र व कामे पीएमआरडीए आणि पिंपरी-चिंचवड महापालिका यांच्यात वाटली गेली. म्हणून प्राधिकरणाच्या भाडेपट्ट्यावरचा जुना प्लॉट असेल तर आपला सेक्टर कुणाकडे गेला ते आधी विचारून घ्यावे.

सर्वांत जास्त फसगत समाविष्ट गावांत होते. २०१७ मध्ये ११ गावे पुणे महापालिकेत आली, ३० जून २०२१ ला आणखी २३ आली. त्यात वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, खडकवासला अशी झपाट्याने वाढणारी गावे आहेत. मात्र या २३ गावांच्या नियोजनाचे अधिकार जुलै २०२१ मध्ये शासनाने पीएमआरडीएकडे सोपवले. घरपट्टी एका ठिकाणी आणि नियोजन दुसऱ्या ठिकाणी, अशी स्थिती आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर महापालिकेत येऊन पुन्हा बाहेर पडली आणि त्यांची नगरपरिषद झाली. म्हणून कर कुणाला भरता यावरून प्राधिकरण ठरवू नका. गावाचे नाव आणि गट क्रमांक घेऊन कार्यालयात जा आणि "या गटाचा झोन दाखला आजच्या तारखेला तुम्ही देता का?" एवढाच प्रश्न विचारा.

झोन दाखला आणि भाग नकाशा

झोन दाखला म्हणजे मंजूर विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत तुमचा गट कोणत्या विभागात येतो याचे लेखी प्रमाणपत्र. रहिवास, वाणिज्य, औद्योगिक, शेती, हरित असे हे विभाग. भाग नकाशा म्हणजे त्याच योजनेच्या नकाशाचा तुमच्या गटाभोवतीचा तुकडा, सही-शिक्क्यासह. दोन्ही मागा. दाखल्यात "अंशतः रहिवास, अंशतः रस्ता" एवढी एक ओळ असते, तो रस्ता गटाच्या कोणत्या कोपऱ्यातून जातो हे नकाशाशिवाय कळत नाही. मामांच्या बाबतीत नेमके हेच राहून गेले.

अर्जाला लागते ते फार नाही: गाव, तालुका आणि गट किंवा सर्व्हे क्रमांक नमूद केलेला अर्ज, अलीकडचा सातबारा, शहरी भागात मिळकत पत्रिका, भूमी अभिलेख कार्यालयाकडून गट नकाशा किंवा मोजणीची 'क' प्रत (सरकारी मोजणी नकाशाची प्रत), अर्जदाराचे ओळखपत्र आणि ठरलेले शुल्क. ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो आणि कुणाच्याही जमिनीचा काढता येतो, त्यामुळे विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर थांबू नका. विकणारा "दाखला माझ्याकडे आहे" म्हणाला तर त्याची तारीख बघा. मधल्या काळात योजना सुधारली असेल तर त्या दाखल्याचा उपयोग नाही.

तारखेला इतके महत्त्व का, हेही सांगतो. पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीची विकास योजना शासनाने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केली. पीएमआरडीएने आपल्या क्षेत्राचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यावर हजारो हरकती आल्या आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द केला. त्या चार वर्षांत "नव्या आराखड्यात पिवळा दाखवलाय" असे सांगून किती शेतजमिनी रहिवासाच्या भावाने विकल्या गेल्या असतील! नकाशावरचा पिवळा रंग रहिवासाचा खरा, पण प्रारूप म्हणजे मंजूर नव्हे. "येणार आहे", "होणार आहे" या शब्दांवर कुणी दर चढवत असेल तर तिथेच व्यवहार थांबवा.

दाखल्यात रहिवास विभाग लिहिलेला असूनही बांधकामाला बंधन असू शकते, आणि पुण्याच्या भूगोलात ही बंधने जागोजागी आहेत. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवे घर बांधता येत नाही, दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधता येते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले ते आठवा. टेकड्यांवर १:५ पेक्षा तीव्र उतार असेल तर विकास होत नाही, आणि १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे, म्हणजे ती जागा उद्यानासाठी राखून ठेवलेली आहे. लोहगाव विमानतळ आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) भोवती इमारतीच्या उंचीवर मर्यादा येते. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २,००० यार्डांचा रेड झोन, म्हणजे बांधकामबंदीचा पट्टा आहे, निगडी-तळवडे भागातल्या हजारो घरांना त्याचा फटका बसला आहे. शनिवारवाडा किंवा पाताळेश्वरासारख्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रित. झोन दाखला हातात आला की यांपैकी आपल्या गटाला काय लागू आहे, हे त्याच खिडकीवर लेखी विचारा.

अर्जदार कोण, आणि सातबारावर काय बघायचे

बांधकाम परवानगीसाठी अर्ज करण्याचा हक्क मालकाला, किंवा त्याने नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र दिलेल्या व्यक्तीला असतो. सातबारावर सहहिस्सेदार असतील तर सगळ्यांची संमती लागते. एका सातबारावर अकरा अनोळखी खरेदीदारांची नावे चढवून विकलेल्या एक-एक गुंठ्यांचा तिढा इथेच पडतो. खरेदीखत झालेले असते, फेरफार झालेला असतो, पण स्वतंत्र हिस्सा नसतो आणि मंजूर रेखांकन (प्लॉट पाडल्याचा मंजूर नकाशा) तर नसतेच. जमिनीचे फार लहान तुकडे पाडून विकायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदीच्या कायद्यामुळे असे व्यवहार वर्षानुवर्षे अडकून पडले.

सातबारावर भोगवटादार वर्ग १ असेल तर मालकाला विकायला मोकळीक असते. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते. इतर हक्कांच्या रकान्यात कूळ, देवस्थान इनाम, पुनर्वसन किंवा बँकेचा बोजा असा शेरा दिसला तर वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल करून घ्या. त्यासाठीचा खर्च वाचवू नका.

बिगरशेतीबद्दल बरेच गैरसमज आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ४२-अ ते ४२-ड ही कलमे आल्यापासून मंजूर योजनेतल्या रहिवास विभागातली जमीन किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन यांसाठी, कायद्यातल्या अटींनुसार, वेगळ्या बिगरशेती (एनए) आदेशाऐवजी रूपांतरण कर भरून सनद घेता येऊ लागली. मात्र सनद म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा तर फक्त कर आकारणीचा कागद आहे, त्याला कुणी "परवानगी" म्हणत असेल तर ऐकू नका.

बांधकाम परवानगी

२ डिसेंबर २०२० ला राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली, कार्यालयात तिला यूडीसीपीआर म्हणतात. अर्ज परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्यामार्फत, आता ऑनलाइन होतो. सोबत मालकीचे कागद, मोजणी नकाशा, झोन दाखला, भाग नकाशा, सनद किंवा बिगरशेती आदेश, इमारतीचे नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे हमीपत्र आणि प्रसंगानुसार अग्निशमन वा विमानतळाचा ना-हरकत दाखला. विकास शुल्क भरावे लागते, शिवाय बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकर. किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर साधारणपणे मूळ १.१ एफएसआयवरच (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येईल त्या प्रमाणावर) भागवावे लागते, म्हणून जागेवर टेप लावून रस्ता स्वतः मोजा.

छोट्या घरांसाठी नियम सोपे झाले आहेत, आणि ही गोष्ट लोकांपर्यंत पोहोचलेलीच नाही. मंजूर रेखांकनातला प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत असेल, तर नियमानुसार केलेला नकाशा, मालकीचे कागद आणि शुल्क दाखल केल्यावर मिळणारी पोच हीच परवानगी धरली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी आर्किटेक्टच्या प्रमाणपत्रावर १० दिवसांत परवानगी द्यायची आहे. दोन्ही ठिकाणी "मंजूर रेखांकन" हे शब्द महत्त्वाचे, कच्च्या गुंठेवारीला, म्हणजे रेखांकन मंजूर न करता पाडून विकलेल्या गुंठ्यांना, हे लागू नाही.

मोठ्या प्रस्तावात छाननीनंतर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. अर्ज पूर्ण असूनही ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो, पण बांधकाम नियमांत बसणारे असेल तरच. नाकारले तर ४० दिवसांत शासनाकडे अपील. जोत्यापर्यंत काम आले की जोता तपासणी करून घ्या, ती टाळून वरचे मजले चढवलेल्या घरांना शेवटी भोगवटा प्रमाणपत्रासाठी फेऱ्या माराव्या लागतात. भोगवटा नसेल तर कर्ज, पुनर्विक्री, नळजोड सगळीकडे अडते. बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्यांनीही ताबा घेताना हाच कागद मागायचा.

गुंठ्यावर घर आधीच बांधले असेल तर

गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाला. म्हणजे त्या तारखेपूर्वीचे घर होते हे दाखवणारे वीजबिल, करपावती असे काही हवे, सोबत खरेदीखत, सातबारा, मोजणी आणि अभियंत्याने काढलेला घराचा नकाशा. प्रशमन शुल्क (नियमभंग माफ करण्यासाठीचे) आणि विकास शुल्क भरावे लागते. सरकारी जमीन, पूररेषेच्या आतली जागा, आरक्षणाखालची जागा यांची प्रकरणे बसत नाहीत. आपले घर बसते का, हे अर्ज करण्याआधी भाग नकाशावरूनच कळते.

जमिनीवर आरक्षण पडले तर

नवी विकास योजना प्रारूप म्हणून राजपत्रात आणि वर्तमानपत्रात प्रसिद्ध होते, तेव्हापासून हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. पुण्याच्या वेशीवरच्या गावांनी हे ३० दिवस डोळ्यांत तेल घालून सांभाळावेत. हरकत लेखी द्या, सातबारा, भाग नकाशा आणि जागेवरच्या घराचे, विहिरीचे, बागेचे फोटो जोडा, "मला समक्ष सुनावणी हवी" असे स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. नियोजन समितीपुढे सुनावणीला जाताना दुसरा पर्याय नकाशावर आखून न्या. "माझी जमीन सोडा" म्हणण्यापेक्षा "रस्ता इथून वळवला तर तीन घरे वाचतात" हे ऐकले जाण्याची शक्यता जास्त. अंतिम योजना लागू होऊन १० वर्षे झाली आणि जमीन संपादित झाली नसेल तर १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालकीच्या कागदांसह खरेदीची नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत प्राधिकरणाने पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे उठते.

झोन दाखल्यासारख्या सेवांची मुदत लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार कार्यालयाच्या फलकावर लावलेली असते. मुदत टळली तर तिथेच प्रथम अपील करा, फाईल कुठे थांबली आहे हे माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर विचारता येते. मामांनी शेवटी तेच केले. रस्त्याची आखणी बदलली नाही, पण रस्त्याबाहेर उरलेल्या तुकड्याची मोजणी होऊन 'क' प्रत आली, आणि त्यावर किती बांधता येईल याचे लेखी उत्तर आता त्यांच्या फाईलमध्ये आहे.