जातिलुविह (बाली, इंडोनेशिया)

जातिलुविह : इंडोनेशियातील बाली बेटावरचे भातशेतीचे गाव. तबानान जिल्ह्यातील पेनेबेल तालुक्यात, बातुकारू पर्वताच्या (२,२७६ मी.) दक्षिणेकडील उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मी. उंचीवर ते वसले आहे. प्रांताची राजधानी देनपसार येथून अंतर सुमारे ४८ किमी. ‘जाति’ म्हणजे अस्सल आणि ‘लुविह’ म्हणजे सरस, असा नावाचा अर्थ सांगतात. डोंगरउतारावर पायऱ्या पाडून केलेली सुमारे ३०० हेक्टर भातखाचरे ही गावाची ओळख. बालीतील ‘सुबाक’ या पाणीवाटप संस्थेला आणि तिच्या शेतीप्रदेशाला युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरवले. त्या एकूण सुमारे १९,५०० हेक्टर क्षेत्रातला सर्वांत परिचित भाग हाच. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या उत्तम पर्यटन-गावांच्या यादीतही जातिलुविहचे नाव आले. तेव्हापासून येथे फिरायला येणारे वाढले आणि ‘एखादा तुकडा घेता येईल का’ असे विचारणारेही. दोघांनीही खाचरांकडे पाहण्याआधी पाण्याकडे पाहावे. हे गाव उभे आहे ते पाण्यावर.

पाणी

येथे खाचर एकेका कुटुंबाचे असते, पाणी मात्र कोणा एकाचे नसते. ओढ्यावर छोटा बांध घालून पाणी पाटात वळवतात. वाटेत डोंगर आडवा आला, तर त्यातून बोगदा काढतात. असे बोगदे खोदणाऱ्या कारागिरांचा उल्लेख बालीतल्या नवव्या शतकातील लेखांत आढळतो, आणि ‘सुबाक’ या नावाचे जुने रूप अकराव्या शतकातील लेखांत येते. पाट जिथे फुटतो तिथे ‘तंबुकू’ नावाचा लाकडी ओंडका आडवा टाकलेला असतो. त्याला ठरावीक रुंदीच्या खाचा असतात. प्रत्येक खाचेतून किती पाणी कोणाकडे जाते, हे काठावर उभ्या असलेल्या कोणालाही डोळ्यांनी दिसते. खाच कोणी रात्रीतून रुंद केली, तर सकाळी शेजाऱ्याच्या लक्षात येतेच. पाणीचोरीची भांडणे ज्याने पाहिली आहेत अशा कोणत्याही शेतकरी मुलखाला या साध्या लाकडाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

एका उगमावर भिजणाऱ्या शेतांचे सगळे शेतकरी मिळून एक सुबाक होतो. बालीत असे सुमारे १,२०० सुबाक आहेत, आणि एकेकात साधारण ५० ते ४०० शेतकरी असतात. सुबाक आणि गाव एक नव्हेत, ही गोष्ट बाहेरच्याच्या चटकन लक्षात येत नाही. घर कोणत्या वस्तीत आहे यावर नाही, तर शेताला पाणी कुठून येते यावर सभासदत्व ठरते. सुबाकचा प्रमुख ‘पकासेह’. नियमांना ‘आविग-आविग’ म्हणतात. पाट साफ करणे, बांध दुरुस्त करणे आणि देवळाची वर्गणी देणे ही सभासदाची कामे, आणि ती चुकवली तर दंड. धुळे-नाशिककडच्या पांझरा-मोसम खोऱ्यांतली फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. बंधारा, पाट आणि पाळी तिथेही सामाईकच होती.

सुबाकचे वेगळेपण देवळांत आहे. खाचराच्या कोपऱ्यात, जिथे पाणी शेतात शिरते, तिथे छोटे देवस्थान असते. पाटाच्या तोंडाशी त्याहून मोठे, बांधावर आणखी मोठे. वर गेल्यावर बातुकारूच्या उतारावरची मोठी मंदिरे लागतात (जातिलुविहचे पुरा लुहुर पताली हे त्यांतलेच), आणि त्यांच्याही वर तांब्लिंगन, बुयान व ब्रातान या तलावांची देवळे. पाणी वरून खाली येते, त्याच क्रमाने देवळांतले ‘तिर्ता’ म्हणजे तीर्थही खाली येते. बालीतल्या हिंदू धर्माला ‘आगामा तिर्ता’, तीर्थाचा धर्म, असे एक नाव आहे. देव, माणूस आणि भूमी यांच्याशी नीट नाते म्हणजे सुख, या विचाराला ‘त्रि हित करण’ म्हणतात. शब्द संस्कृत आहेत, पण घोषवाक्य म्हणून त्यांचा वापर १९६० च्या दशकातला आहे. आचार त्याहून कितीतरी जुना.

हे सगळे भाविकतेपुरते आहे असे मानण्याची चूक एकदा झाली आणि ती महाग पडली. १९७० च्या दशकात सरकारी भातवाढ मोहिमेने नवे, लवकर पिकणारे वाण आणले आणि जमेल तितक्या वेळा, जमेल तेव्हा लावा, असे शेतकऱ्यांना सांगितले. देवळांच्या पंचांगाप्रमाणे पाळी लावणे मागे पडले. पहिली काही पिके भरघोस आली. मग तपकिरी तुडतुडे आले, त्यांच्यावर औषधे आली, औषधांना न जुमानणारे तुडतुडे आले आणि पाठोपाठ विषाणूजन्य रोग. अखेर १९८६ मध्ये इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग त्या काळात बालीत काम करत होते. त्यांनी परिसंस्थेचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांच्यासह बालीतील दोन नद्यांवरील १७२ सुबाकांचे संगणकीय प्रारूप तयार केले. त्यातून दिसले ते असे. सगळ्यांनी एकाच दिवशी लावणी केली तर पाणी पुरत नाही. प्रत्येकाने मनाला येईल तेव्हा केली तर किडीला बारमाही खाद्य मिळते. या दोहोंच्या मधला तोल, म्हणजे शेजारच्या काही सुबाकांनी एकत्र लावायचे, एकत्र कापायचे आणि एकत्र रान पडीक ठेवायचे. मोठ्या देवळांभोवतीच्या सभा नेमके हेच ठरवत आल्या होत्या. वरच्या अंगाचा शेतकरी खालच्याला पाणी सोडतो, कारण खालची कीड उद्या त्याच्याच खाचरात चढणार असते. ही समजूत कागदावर कुठे लिहिलेली नव्हती; ती पूजेच्या तारखांत होती.

भात

जातिलुविहने या सगळ्या उलथापालथीत आपला जुना लाल भात सोडला नाही, ही त्याची मोठी कमाई. बाकी बहुतेक बालीत नवे वाण आले, पण येथे वर्षातले एक पीक अजून स्थानिक भाताचे घेतात. लावणी साधारण जानेवारीत आणि कापणी जून-जुलैकडे, म्हणजे पाच-साडेपाच महिन्यांचे पीक. दुसरे पीक कमी मुदतीच्या भाताचे. जुन्या भाताचा चुडा उंच वाढतो, आणि त्याच्या लोंब्या ‘आनी-आनी’ नावाच्या तळहातात मावणाऱ्या पात्याने एकेक करून खुडतात. देवी श्रीला पाते दिसू नये, ती भिऊ नये, म्हणून ते मुठीत लपवायचे, अशी श्रद्धा आहे. ही श्री म्हणजे आपलीच श्री. बालीत ती मुख्यतः भाताची देवता झाली.

पिकाच्या प्रत्येक टप्प्याला पूजा आहे. पाणी शेतात घेताना स्वागताची, लावणीची आणि भात पोटरीला आला की ‘बियुकुकुंग’. ही पूजा गर्भार भाताची, जवळजवळ डोहाळजेवणच. कापणीनंतर पेंढ्या पायांवर उभ्या असलेल्या लाकडी कोठारात जातात. मोकळ्या खाचरात बदके सोडतात. ती सांडलेले दाणे आणि किडे टिपतात. शेवाळात, चिखलात वाम मासे असतात. गावात लाल तांदळाचा भाजून केलेला चहाही मिळतो. चव खरपूस, थोडी पेजेच्या वळणाची.

जमीन घेऊ पाहणाऱ्यांसाठी

बालीत जमीन ‘आर’ मध्ये मोजतात. एक आर म्हणजे १०० चौ. मी., आपला गुंठा १०१ चौ. मी.च्या किंचित वर. त्यामुळे मराठी माणसाला दर ऐकून हिशेब लगेच जमतो. अडचण पुढे आहे.

इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत भूमी कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. (हक्क आणि मालकी या आपल्या शब्दांची ही अरबी भावंडे.) परदेशी माणसाच्या हाती मालकी जाईल असा कोणताही व्यवहार त्याच कायद्याने रद्दबातल ठरतो. म्हणून एखाद्या स्थानिकाच्या नावावर जमीन घेऊन आत वेगळा करार करण्याची जी पद्धत दलाल सुचवतात, ती साफ टाळावी. वाद झाला तर न्यायालयात जमीन ज्याच्या नावावर आहे त्याची. निवास परवाना असलेल्या परदेशी व्यक्तीला घरासाठी ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क, मिळू शकतो. त्याची मुदत ३० वर्षे, मग २० वर्षांची वाढ आणि पुढे ३० वर्षांचे नूतनीकरण. दुसरा मार्ग भाडेपट्ट्याचा, ‘हाक सेवा’. तिथे ‘सेवा’ म्हणजे भाडे.

पण हे झाले घराच्या जागेचे. भातखाचराचे तसे नाही. शेतजमीन तिच्यापासून दूर राहणाऱ्याने धरून ठेवू नये, हा इंडोनेशियाचा जुना नियम तिथल्या नागरिकांनाही लागू आहे. मालकाने त्याच किंवा लगतच्या तालुक्यात राहावे लागते. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेती घेता येत नाही, त्याच जातीचे हे बंधन. त्याशिवाय २००९ च्या कायद्याने अन्नधान्याची शेतजमीन राखीव ठरवता येते, आणि अशा राखीव, हिरव्या पट्ट्यात बांधकामाचा परवाना मिळत नाही. काही जमीन देवळाची असते. काही पारंपरिक गावसंस्थेची, म्हणजे ‘देसा आदात’ची असते, आणि तिच्यासोबत सेवेची बांधिलकी येते, तिची विक्री होत नाही. एखाद्या खाचराचा फोटो दाखवून ‘इथे व्हिला बांधा’ असे कोणी म्हणाले, तर आधी जमीन कार्यालयात नोंद आणि आराखड्यातला पट्टा तपासावा. व्यवहार अधिकृत भूमी-दस्त अधिकाऱ्यासमोरच करावा आणि पकासेहला भेटावे. त्या खाचरातून कोणाचे पाणी पुढे जाते, हे कागदात सापडत नाही. ते पकासेहला ठाऊक असते.

एका खाचराचे बांधकाम झाले की नुकसान एका खाचराचेच होत नाही. पाट अडतो, सांडपाणी खाली उतरते, पडीक ठेवण्याची पाळी मोडते. वरच्या माणसाने खालच्याला पाणी का सोडावे, याचे कारणच निघून जाते. म्हणूनच हे गाव तुकड्याने विकत घेण्यासारखे नाही असे म्हणावे लागते. भाडेपट्ट्याने वस्तीतले एखादे जुने घर घेऊन दुरुस्त करणारा माणूस मात्र गावाला जड जात नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. फोटो काढायला जग येते, आणि चिखलात राबणाऱ्याच्या हाती भाताचाच भाव पडतो. पुष्कळ जण दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसतात. मुलांना शहरातली नोकरी हवी असते. आपल्याच बांधावर चहाचे दुकान किंवा छोटी खानावळ काढावी असे शेतकऱ्याला वाटले, तर त्यात नवल नाही. डिसेंबर २०२५ मध्ये प्रांतिक विधिमंडळाच्या समितीने संरक्षित क्षेत्रातील काही खानावळी व बांधकामे बंद करायला लावली. तेव्हा शेतकऱ्यांनी निषेध म्हणून भातखाचरांत जस्ती पत्रे उभे केले. पत्र्यांवर ऊन चमकू लागले आणि ज्या दृश्यासाठी तिकीट काढतात तेच दृश्य बिघडले. दृश्य आमच्या श्रमाचे आहे, हे सांगण्याचा त्यांच्याकडे याहून स्पष्ट मार्ग नव्हता. वारसा राखायचा तर तो राखणाऱ्याचे पोट आधी राखावे लागेल, आणि हे काम अजून झालेले नाही.

भेट

विमानतळावरून गाडीने दोन तास धरावेत. सार्वजनिक वाहन नाही, गाडी ठरवून जावे लागते. गावात प्रवेश-तिकीट आहे. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीत येणाऱ्या प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून १,५०,००० रुपिया वेगळे घेतले जातात. खाचरांतून आखलेल्या लहान-मोठ्या पायवाटा आहेत. सकाळी लवकर निघावे. दुपारनंतर बातुकारूवरून ढग उतरतात. डिसेंबर ते मार्च पावसाचे. हिरवे रान पाहायचे तर मार्च-एप्रिल, पिवळे पाहायचे तर जून. बांधावर चालताना ताज्या फुलांचे नैवेद्य ओलांडू नयेत, आणि देवळात जाताना कमरेला सारोंग व पट्टा बांधावा. रात्री राहायचे असेल तर वस्तीतल्या घरगुती खोल्या घ्याव्यात. पैसे सरळ घरात जातात. शाकाहारींनी सांबल, म्हणजे तिथली मिरचीची चटणी, विचारून घ्यावी. तिच्यात बहुधा सुकटीचा खळ असतो. लाल भात, तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), खोबरे घातलेली उराब भाजी आणि गूळ-खोबऱ्यासोबत तांदळाचे लाकलाक हे मात्र मराठी जिभेला लगेच रुचते.

तारखा ठरवताना एक गोष्ट पाहावी. बालीचे एक पंचांग शक संवत्सराचे, म्हणजे आपल्याच शालिवाहन शकाच्या गणनेचे आहे. त्याचा वर्षारंभ ‘न्येपी’ पुष्कळदा गुढीपाडव्याच्या दिवशी किंवा एक दिवस अलीकडे-पलीकडे येतो. २०२३ मध्ये दोन्ही २२ मार्चलाच होते. आपण पाडव्याला गुढी उभारतो, तिथे न्येपीला दिवा लावत नाहीत, चूल पेटवत नाहीत, रस्त्यावर कोणी येत नाही, आणि पाहुण्यांनाही मुक्कामाच्या आवारातच थांबावे लागते. विमानतळ चोवीस तास बंद असतो.