डालड्याचा डबा आणि करडईचं तेल

पिवळा पत्र्याचा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. आतलं संपलं की त्यात माती भरून तुळस लावायची, हे चाळीच्या गॅलरीत अनेकांनी पाहिलंय. बियांच्या तेलाने हृदय आणि यकृत बिघडतं का, या आजच्या वादाचं एक मूळ या डब्यात आहे.

पातळ तेल गोठवण्याच्या कृतीचं पेटंट १९०२ साली विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने घेतलं. तेल तापवायचं, निकेलची भुकटी घालायची आणि हायड्रोजन सोडायचा. १९३०च्या दशकात मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, १९३७ मध्ये डालडा आला. कच्चा माल बराचसा शेंगतेलाचाच. रवाळ, पांढरा आणि साजूक तुपापेक्षा स्वस्त, त्यामुळे तुपात भेसळ सुरू झाली. त्यावर उपाय म्हणून वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती झाली. तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरलने गुलाबी-लाल रंग येतो, म्हणजे तुपात वनस्पती मिसळली असेल तर परीक्षानळीतच कळतं. फार हुशारीची युक्ती. पण तिने तुपाची शुद्धता तपासली जायची, वनस्पती खाणाऱ्याच्या धमन्यांचं काय होतं हे त्या नळीत दिसणार नव्हतं.

ते दाखवलं १९९० मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि कातान यांनी. तेल अर्धवट गोठवताना तयार होणारे ट्रान्स फॅट एलडीएल म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात, शिवाय एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल घटवतात. डेन्मार्कने २००३ मध्ये तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे ती यायला २०२२चा जानेवारी उजाडला. मधली एकोणीस वर्षं खारी, नानकटाई खाणाऱ्यांना याची किंमत मोजावी लागली, आणि याची मला मनापासून चीड येते.

मग न गोठवलेल्या तेलाचं काय? इथे आपली करडई येते. सिडनीत १९६६ ते १९७३ दरम्यान हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांवर एक चाचणी झाली. एका गटाला करडईचं तेल आणि त्याच तेलाचं मार्गारिन, म्हणजे लोण्यासारखं घट्ट केलेलं तेल, दिलं, आणि त्या गटात मृत्यू जास्त झाले. जुनी आकडेवारी शोधून २०१३ मध्ये पुन्हा मांडली गेली, तेव्हा बियांच्या तेलाच्या विरोधकांना मोठंच हत्यार मिळालं. टीकाकारांनी मार्गारिनकडे बोट दाखवलं: त्यात ट्रान्स फॅट असतील तर दोष करडईचा कसा? माझ्या मते हा प्रश्न रास्त आहे. मूळ तेल आणि त्याचं गोठवलेलं रूप एकाच तागडीत टाकता येत नाही.

यकृताबद्दल स्वीडनमधल्या उप्साला इथला २०१४चा प्रयोग बघण्यासारखा आहे. ३९ सडपातळ तरुणांना सात आठवडे जास्तीचे मफिन खायला घातले, काहींना पामतेलाचे, काहींना सूर्यफूल तेलाचे. पामतेलवाल्यांच्या यकृतात चरबी कितीतरी जास्त साठली. वजन मात्र दोन्ही गटांचं जवळजवळ सारखंच वाढलं, दीड किलोच्या आसपास.